परातीतली मुळाक्षरे

दिल्लीच्या मोठ्या रस्त्यांवरील नामफलक हिंदी, इंग्रजी, पंजाबी आणि उर्दू अशा चार भाषांत लिहिलेले आढळतात. सर्वोच्च न्यायालयाजवळून जाणाऱ्या रस्त्याच्या फलकावर 'तिलक मार्ग' असे लिहिलेले आहे आणि जवळच्या रेल्वे स्थानकाचे नाव आहे 'तिलक ब्रिज'. दोन्ही नावे लोकमान्यांचीच. पण त्यांच्या आडनावातील ट आणि ळ ही दोन्ही अक्षरे राजधानीत येईपर्यंत गळून पडली. हिंदीच्या रीतीप्रमाणे यात काही चूक नाही. मात्र येथील मराठी घरात वाढणाऱ्या मुलाच्या बाबतीत त्याचा अर्थ ध्यानात घ्यावयास हवा. देवनागरी त्याला पावलोपावली भेटते, ळ मात्र कुठेही भेटत नाही. इंदूर, भोपाळ किंवा वाराणसी येथील आमच्या वाचकांचा अनुभव बहुधा याहून वेगळा नसेल. अशा मुलाला मराठी अक्षरांची ओळख करून देणारी पहिली शाळा म्हणजे त्याचे घरच होय, आणि पुष्कळदा तीच शेवटचीही ठरते.

परंतु घर ही पहिली शाळा आहे असे म्हणताच अनेक उत्साही पालक अडीच वर्षांच्या बाळाच्या हाती पेन्सिल देतात व त्याच्यापुढे चार रेघी वही ठेवतात. हे करू नये. त्या वयात हाताचे बारीक स्नायू पेन्सिल पेलण्यास तयार नसतात. मूल कंटाळते, आई रागावते आणि ज्या अक्षराचा लळा लागावयाचा त्याचीच धास्ती बसते. अक्षर आधी कानाने ऐकावे, मग बोटाने चाचपावे, नंतर डोळ्यांनी ओळखावे आणि सर्वांत शेवटी लिहावे, हा क्रम मुलाच्या वाढीला मानवतो.

हा विचार आपल्याकडे अगदीच नवा नाही. पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत. फळीवर बारीक धूळ पसरावयाची, तीत अक्षर काढावयाचे आणि हात फिरवून ते मोडावयाचे. चूक झाली तरी तिची खूण उरत नसे. केरळात आजही विजयादशमीला लहान मुलांचे बोट धरून तांदुळात पहिली अक्षरे काढवून घेतात. दिल्लीतील मल्याळी कुटुंबांनीही ही रीत जपली आहे. डॉ. मारिया माँटेसोरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या एका गरीब वस्तीत बालगृह उघडले. तेथे त्यांनी खरखरीत कागदाची अक्षरे कापून गुळगुळीत पाट्यांवर चिकटविली आणि मुलांना त्यांवरून दोन बोटे फिरवावयास लावली. १९३९ मध्ये त्या मद्रासजवळ अड्यार येथे आल्या आणि त्यांच्या पद्धतीचा भारतात अधिकच प्रसार झाला.

महाराष्ट्रात हे काम ताराबाई मोडकांनी आधीच हाती घेतले होते. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केल्यानंतर १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे केंद्र उघडले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसोरीची साधने सुंदर खरी, पण महाग. वारली पाड्यावरील मुलांसाठी ती कोठून आणावयाची? या दोघींनी खडे, बिया, पाने, माती अशा परिसरातील वस्तूंनाच साधनांचे रूप दिले. माँटेसोरी म्हटले की ज्यांच्या डोळ्यांपुढे भारी शुल्काच्या पाट्याच येतात, त्यांनी कोसबाडची ही गोष्ट लक्षात ठेवावी. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ ही वर्षे पायाभूत मानून खेळावर भर दिला आणि २०२३ मध्ये दिल्लीत 'जादुई पिटारा' या खेळसाहित्याचे उद्घाटन झाले. दिशा तीच आहे. पण आपल्या घरातील पिटारा म्हणजे स्वयंपाकघर.

आरंभ कानापासून करावा. आपल्या वर्णमालेची रचना तोंडातील उच्चारस्थानांनुसार केलेली आहे, आणि तिचा उपयोग आपण फक्त पाठांतरासाठी करतो ही खेदाची गोष्ट आहे. कागदाची अरुंद पट्टी मुलाच्या ओठांपुढे धरा आणि त्याला 'क' म्हणावयास सांगा, मग 'ख' म्हणावयास सांगा. क म्हणताना पट्टी जेमतेम हलते, ख म्हणताना फडफडते. ग आणि घ, त आणि थ यांचेही असेच. अल्पप्राण-महाप्राणाचा जो भेद मोठेपणी व्याकरणाच्या तासाला डोक्यावरून जातो, तो तीन वर्षांच्या मुलाला श्वासाने कळतो. प, ब, म म्हणताना ओठांवर बोट ठेवू द्यावे. ओठ मिटल्याशिवाय ही अक्षरे निघत नाहीत हे पाहून मुलांना फार गंमत वाटते. 'चिमणी' आणि 'चूल' यांतील च एकच लिहिला जातो, तरी उच्चार दोन आहेत. ते दोन्ही मुलाच्या कानावर पडू द्यावेत. त्याची चर्चा मात्र करू नये.

त्यानंतर बोटे. पसरट परातीत बोटभर जाडीचा रवा पसरावा. आईने सावकाश एक अक्षर काढावे, त्याचा ध्वनी एकदाच स्पष्ट उच्चारावा आणि मुलाला आपल्या बोटाने त्याच रेषेवरून जाऊ द्यावे. सुरुवात अ-आ-इ पासूनच झाली पाहिजे असे नाही. मराठी अंकलिपीतील ग म भ न हा जुना क्रम वळणाच्या दृष्टीने शहाणपणाचा आहे, कारण या अक्षरांचे आकार एकमेकांतून उमलतात. त्याहूनही चांगली सुरुवात मुलाच्या स्वतःच्या नावाच्या पहिल्या अक्षराने होते. स्वतःचे अक्षर कोणालाही परके वाटत नाही.

काचकागद मिळाला तर तोही आणावा. दिल्लीचे दुकानदार त्याला रेगमाल म्हणतात. त्याची वीतभर अक्षरे कापून जुन्या पुठ्ठ्यावर चिकटवावीत. एका वेळी दोनच अक्षरे घ्यावीत आणि तीही दिसण्यात अगदी वेगळी असावीत. प व ष, किंवा भ व म, एकत्र आणू नयेत. आधी 'हा ग' असे सांगावे. मग 'ग कोणता, दाखव पाहू' असे विचारावे. आणि मूल न चुकता दाखवू लागले की मगच 'हे कोणते?' असा प्रश्न करावा. हीही माँटेसोरीबाईंचीच रीत. मुलाने चूक केली तर ती चूक आहे असे न सांगता पाट्या उचलून ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ करावा. पाच-सात मिनिटांहून अधिक वेळ लावू नये.

आता ळ. या अक्षराची अडचण अशी की मराठीत एकही शब्द त्याने सुरू होत नाही. म्हणून 'ग गवताचा' या थाटाचा पाठ येथे चालत नाही. त्याला शब्दाच्या शेवटी ऐकावे लागते: बाळ, फळ, नळ, माळ. जिभेचा शेंडा मागे वळवून टाळूला लावावा आणि पुढे सोडावा. मुलाला आरशापुढे बसवून हे दाखविता येते. मग जोड्यांचा खेळ घ्यावा: काल-काळ, वेल-वेळ, माल-माळ, गाल-गाळ. ळ ऐकू आला की मुलाने टाळी वाजवावी. ज्या मुलांचे सारे सवंगडी हिंदी बोलतात, ती आरंभी दोन्ही शब्दांना टाळी वाजवितात किंवा एकालाही वाजवीत नाहीत. त्यात काळजी करण्यासारखे काही नाही. आठ-पंधरा दिवसांत कान तयार होतो. पोळ्यांची कणीक मळली की तिच्यातला एक गोळा मुलाला द्यावा, त्याची लांब वळी करवून घ्यावी आणि ती वळवून चष्म्याच्या दोन काचांसारखा ळ पोळपाटावर मांडावा. वळी, पोळी, पोळपाट, गोळा या सर्व शब्दांत ळ आहे हे मूल आपणहून ओळखते, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. अनुवादाचे काम करताना ळ चा ल झालेली मुद्रिते रोज हाती येतात. त्यामुळे या अक्षराविषयी आमचा थोडा पक्षपात आहे, हे वाचकांनी समजून घ्यावे.

ल आणि श यांच्याविषयीही एक सूचना. मराठी वळणाचा ल पाकळीचा आणि श देठाचा. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमालेची प्रमाण रूपे दिलेली आहेत. शाळेत मूल हिंदी वळण शिकेल. घरी त्याला मराठी वळण बोटाने चाचपू द्यावे, पण हिंदी वळणाला चुकीचे म्हणू नये. एका अक्षराचे दोन पोशाख असू शकतात हे मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर पटते.

चिंचोके, पावटे, मणी यांची अक्षरे सुंदर दिसतात. परंतु तीन वर्षांच्या आतील मूल ते नाकात वा तोंडात घालते, म्हणून त्या वयात ते वर्ज्यच समजावेत. पुढेही मोठ्या माणसाने जवळ बसल्याशिवाय देऊ नयेत. खेळून झालेला रवा चाळून वेगळ्या डब्यात ठेवावा. दिल्लीच्या पावसाळ्यात त्याला लवकर कीड लागते. तेव्हा जुलै-ऑगस्टपुरती धुऊन वाळविलेली बारीक वाळू वापरलेली बरी.