साडेआठशेचा हट्ट

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. १९९५ पासून भरते आहे. लोक रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसतात, गाड्यांची बॉनेटं उघडी असतात, आणि प्रत्येक बॉनेटपाशी एकच प्रश्न ऐकू येतो: कार्बोरेटर किती सीएफएमचा? सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा आत जाऊ शकते तो आकडा. सहाशे म्हटलं की विचारणारा मान हलवून पुढच्या गाडीकडे सरकतो. साडेआठशे म्हटलं की थांबतो, वाकून बघतो, फोटो काढतो.

माझं म्हणणं सरळ आहे. हा प्रश्न चुकीचा आहे आणि त्याच्या नादात धडधाकट इंजिनं नासवली जातात. हे मी तटस्थपणे लिहीत नाहीये. माझंही इंजिन नासत होतं.

माझ्याकडे १९७० ची शेव्हेल मालिबू आहे. ३५० घनइंचांचं व्ही-८, म्हणजे ५.७ लिटर, आणि तीन गिअरचं ऑटोमॅटिक. घेतली तेव्हा आधीच्या मालकाने तिच्यावर ८५० सीएफएमचा डबल पंपर बसवलेला होता. चार नळ्यांच्या कार्बोरेटरमध्ये दोन नळ्या रोजच्या चालवण्यासाठी असतात, आणि मागच्या दोन जोर लागला तर उघडायच्या. डबल पंपरमध्ये या मागच्या दोन थेट तुमच्या पायाला जोडलेल्या असतात. पाय दाबला की उघडल्या, इंजिनाची तयारी असो वा नसो.

एका संध्याकाळी मुलीला मागे बसवून मी वुडवर्डवर डावीकडे वळत होतो. समोरून ट्रक येत होता, पण लांब होता. मी पाय दाबला आणि गाडी मेली. बंद नाही पडली. सेकंदभर नुसती गुदमरली, रस्त्याच्या मधोमध. मग झटका देऊन निघाली. ट्रकवाल्याने हॉर्न दाबून धरला होता. मुलगी म्हणाली, "बाबा, हे परत नको." घरी येऊन प्लग काढले तर काजळीने काळे. डिपस्टिकचा वास घेतला तर ऑइलला पेट्रोलचा वास. म्हणजे जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन खाली उतरत होतं.

गाडी एका दुकानात नेली. सल्ला मिळाला: कॅमशाफ्ट बदला, मागच्या अ‍ॅक्सलचा गिअर रेशो बदला, मग हा कार्बोरेटर शोभेल. टोपी मोठी झाली म्हणून डोकं वाढवा, असाच हा प्रकार!

आता हिशोब करू. तो शाळकरी आहे. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं, आणि एका घनफुटात १७२८ घनइंच असतात. म्हणून घनइंच गुणिले आरपीएम, भागिले ३४५६. माझं साधं इंजिन मिनिटाला ५५०० फेऱ्यांच्या वर जाण्यात अर्थ नाही. ३५० गुणिले ५५००, भागिले ३४५६: ५५७. सिलिंडर कधी पूर्ण भरत नाहीत. रस्त्यावरच्या इंजिनाला ८५ टक्के धरा. उत्तर येतं ४७३ च्या आसपास. त्यावर बसवला ८५०! त्याच वर्षी शेव्हेलमध्ये मिळणारं सर्वांत दांडगं इंजिन म्हणजे ४५४ घनइंचांचं, ४५० अश्वशक्तीचं एलएस६. त्याच्यावर खुद्द कारखान्याने ७८० चा होली बसवला होता. म्हणजे माझ्या आधीच्या मालकाला कारखान्यापेक्षा जास्त कळत होतं.

मोठा असला तर बिघडलं काय, लागेल तेवढीच हवा घेईल की, असं लोक म्हणतात. नेमकं हेच चूक आहे. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल कोणी ढकलत नाही. नळीच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो, आणि त्या ओढीने पेट्रोल वर येऊन फवाऱ्यासारखं फुटतं. गळा रुंद केला की कमी आरपीएमला हवा रेंगाळते, ओढ मरते, पेट्रोल नीट फुटत नाही. मग हा खड्डा भरायला पंपाने पिचकारी मारा, जेट मोठे टाका. आयुष्यातला बहुतेक वेळ गाडी सिग्नल ते सिग्नल चालते. तिथे ती रडते, कशासाठी? तर बॉनेट उघडल्यावर सांगायला आकडा असावा म्हणून.

इथे माझा विरोधक हसून म्हणेल, तुझ्या गाडीवर कारखान्यातून आलेला रोचेस्टर क्वाड्राजेट होता. तोही ७५० चा. मग तुझ्या ४७३ चं काय झालं?

आक्षेप रास्त आहे, आणि माझा मुद्दा त्याच्यातच आहे. क्वाड्राजेटच्या पुढच्या दोन नळ्या लहान आहेत, थ्रॉटलपाशी १⅜ इंच. मागच्या २¼ इंच, चक्क वाटीएवढ्या. पण त्या वाट्यांवर स्प्रिंगने धरलेली एक झडप आहे. खालचा थ्रॉटल तुमचा पाय उघडतो. वरची झडप इंजिन उघडतं, त्याला जेवढी हवा ओढता येते तेवढीच, आणि झडप उचलली जाते त्या प्रमाणात सुया वर येऊन पेट्रोल सोडतात. तुम्ही पाय जमिनीला टेकवा, इंजिनाला पावणेपाचशे हवे असतील तर ते पावणेपाचशेच घेईल. म्हणजे आकडा हा मुद्दाच नव्हता. निर्णय कोणाचा, पायाचा की इंजिनाचा, हा मुद्दा होता.

याच कार्बोरेटरला इथे 'क्वाड्राजंक' म्हणतात. त्याच्या खोडी खऱ्या आहेत. थ्रॉटलचा दांडा झिजतो आणि तिथून हवा शिरते. तळाच्या बुचांतून पेट्रोल झिरपतं. झडपेची स्प्रिंग सैल पडली की तीच गुदमर सुरू होते. पण दांड्याला बुश घालता येतो, बुचांना इपॉक्सी लावता येतं, आणि स्प्रिंग एका छोट्या स्क्रूने ताणता येते. ज्यांनी तो स्क्रू कधी फिरवला नाही त्यांनीच भंगार हे नाव ठेवलं.

माझा जुना क्वाड्राजेट डिकीत खोक्यात पडून होता. दोन रविवार स्वयंपाकघरातलं टेबल अडवून तो उघडला. इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, म्हणून पंपाचं रबर त्याला टिकणारं घेतलं. सगळ्याचा खर्च नव्या कार्बोरेटरच्या दहाव्या भागाच्या आतबाहेर. ज्यांच्याकडे मूळ नग उरलाच नाही त्यांनी सहाशेचा, मागच्या नळ्या व्हॅक्यूमने उघडणारा घ्यावा. जड गाडी आणि ऑटोमॅटिक असेल तर नक्कीच. इनटेक मॅनिफोल्ड क्वाड्राजेटसाठीचा असेल तर मधल्या अ‍ॅडॅप्टरचं गॅस्केट नीट बसलंय ना, ते तपासावं. डबल पंपर ही वाईट वस्तू नाही. हलकी गाडी, हातचा गिअर, उंच आरपीएम, तिथे तो राजा आहे.

आणि हो, इंजेक्शन बसवा म्हणणारे. रोज कामाला त्याच गाडीने, मिशिगनच्या थंडीत, जाणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. पण बिघाड काय हे न पाहता उत्तर विकणारा तो त्याच दुकानाचा दुसरा काउंटर आहे.

कोल्हापुरात बाबांची फियाट उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींकडे जायची. १०८९ सीसी, सोलेक्सचा कार्बोरेटर. मेस्त्री वर्तमानपत्रावर भाग ओळीने मांडायचे, जेट तोंडाने फुंकायचे. मी त्याचं कौतुक रंगवणार नाही. नवा घ्यायला पैसे नव्हते म्हणून ते दुरुस्त करत. ते शहाणपण टंचाईतून आलेलं होतं. पण एकदा बाबांनी पिकअपसाठी मोठा जेट टाकायला सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "पेट्रोल जास्त खाल्लं म्हणजी ताकद आली असं नसतंय, साहेब. आधी काय हुतंय ते सांगा."

वुडवर्डवर मला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नाही. काय होतंय? थंड असताना, वळताना, चढावर काय होतंय? या उत्तरांतून कार्बोरेटर निवडायचा असतो.

यंदाही बॉनेट उघडून उभा होतो. एकाने विचारलं, किती सीएफएम? म्हटलं, इंजिनाला विचारा. तो पुढच्या गाडीकडे सरकला. परतताना त्याच जागी डावीकडे वळलो. समोरून ट्रक येत होता. पाय दाबला आणि गाडी निघाली. मागे बसलेल्या मुलीने फोनमधून मान वर केली नाही.