किल्ली ग्राहकाच्या हाती हवी!

पैसे मोजून घेतलेली वस्तू घेणाऱ्याची होते, हा व्यवहार मंडईतल्या भाजीवालीपासून पेढीवरच्या सावकारापर्यंत सर्वांस ठाऊक आहे. विकत घेतलेले पुस्तक आपण वाचतो, मित्रास देतो, मुलाबाळांसाठी जपून ठेवतो. ग्रंथविक्रेत्याने रात्री येऊन ते कपाटातून काढून न्यावे, हे कोणत्याही सुसंस्कृत समाजात चोरीच ठरेल. परंतु संगणकाच्या युगात ह्याच कृत्याला कराराचे सोज्ज्वळ नाव प्राप्त झाले आहे, आणि सुशिक्षित म्हणविणारा आमचा समाज ते निमूटपणे सोसतो आहे!

२००९ सालच्या जुलै महिन्यात अमेझॉन कंपनीने वाचकांनी विकत घेतलेली काही पुस्तके त्यांच्या किंडल यंत्रांतून परस्पर पुसून टाकली. ती पुरविणाऱ्याजवळ प्रकाशनाचा हक्क नव्हता, हे तिचे कारण. आणि पुस्तके कोणती, तर जॉर्ज ऑरवेलची ‘१९८४’ व ‘ॲनिमल फार्म’! सर्वसत्ताधीश राजवटीच्या धोक्याची सूचना देणारे ग्रंथच अदृश्य हाताने नाहीसे व्हावेत, ह्याहून बोलका दृष्टान्त कोणता? कंपनीच्या प्रमुखांनी पुढे क्षमा मागितली. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांची पुस्तके उघडेनाशी झाली. दोन्ही वेळा पैसे परत मिळाले हे खरे. पण प्रश्न पैशांचा नाहीच. घर आमचे, कपाट आमचे, आणि किल्ली मात्र दुकानदाराच्या खिशात, हा खरा प्रश्न आहे.

ही कुलपे केवळ पुस्तकांना आहेत असेही नव्हे. २०२५ च्या जुलैत युरोपीय संघाने निर्बंध घातल्यावर, मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी ह्या तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने थांबविल्या. कंपनीने दिल्लीच्या उच्च न्यायालयात धाव घेतली व त्यानंतर त्या पूर्ववत झाल्या. एवढ्या मोठ्या उद्योगाची ही गत, तर सामान्य कारकुनाची, शिक्षकाची वा विद्यार्थ्याची काय कथा?

ह्या परावलंबनावरचा उपाय नवा नाही. रिचर्ड स्टॉलमन ह्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा पाया घातला. जे सॉफ्टवेअर आपण वापरतो ते कसेही चालविण्याचा, त्याची रचना तपासण्याचा, त्यात बदल करण्याचा आणि ते इतरांस देण्याचा अधिकार वापरणाऱ्यास असला पाहिजे, हे तिचे सूत्र. इंग्रजीत एकाच शब्दाने होणारा घोटाळा मराठीत होण्याचे कारण नाही. आमच्याकडे ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे दोन निराळे शब्द आहेत, आणि मागणी पहिल्याची आहे.

लेखकाच्या हक्काचे काय, असा आक्षेप घेतला जाईल. लेखकाच्या श्रमाचे मोल मिळालेच पाहिजे; चोरट्या प्रतींचा धंदा करणाऱ्यांचा कैवार घेण्याची आमची यत्किंचितही इच्छा नाही. परंतु चोर पकडता येत नाही म्हणून प्रत्येक सावाच्या दाराला बाहेरून कडी घालणे, हा कोठला न्याय? छापील ग्रंथ एकमेकांस देता येतात म्हणून लेखक देशोधडीस लागले नाहीत. उलट त्याच अधिकारावर गावोगावची ग्रंथालये उभी राहिली आणि मराठी वाचक घडला.

आपल्या लेखाधिकार कायद्यात २०१२ साली घातलेले कलम ६५-अ हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड सांगते. हेतूची ही अट घालून संसदेने तारतम्य दाखविले, हे आम्ही मान्य करतो. कायद्याने न निषिद्ध केलेल्या कामासाठी कुलूप उघडण्यास मोकळीक आहे. पण अशा कामी दुसऱ्यास साह्य करणाऱ्याने त्याचे नाव, पत्ता आदींची नोंद ठेवली पाहिजे, अशी मेख मारून ठेवली आहे. सामान्य वाचक स्वतः कुलूप उघडू शकत नाही, आणि मदत करणारा ह्या जाचामुळे पुढे येत नाही. हक्क द्यायचा आणि तो बजावण्याची वाट अडवायची, असाच हा प्रकार झाला.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. ही नोंदीची अट संसदेने रद्द करावी. जी वस्तू दुकानदार परत काढून घेऊ शकतो, तिच्या व्यवहारास ‘विक्री’ म्हणण्यास मनाई असावी. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून, केवळ परवाना दिला जात असल्यास तसे स्पष्ट सांगण्याचे बंधन विक्रेत्यांवर आलेच आहे. आणि महाराष्ट्र सरकारने आपल्या कचेऱ्यांत व शाळांत मुक्त सॉफ्टवेअरचा अंगीकार करावा. केरळने आपल्या सरकारी शाळांत ते वर्षानुवर्षे करून दाखविले आहे. जे केरळला जमले ते महाराष्ट्राला न जमावे, हे आम्ही मानावयास तयार नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलो. वाचकांनी तोवर हात जोडून बसण्याचे कारण नाही. यापुढे काहीही विकत घेताना एकच प्रश्न विचारावा: ह्याची किल्ली कोणाकडे? उत्तर समाधानकारक नसेल, तर पैशाची पिशवी मिटून घ्यावी. दुकानदाराला हीच भाषा सर्वांत लवकर समजते!