जुना प्रिंटर भंगारात देण्याआधी

नव्या विंडोजवर ड्रायव्हर मिळत नाही, एवढ्याच कारणासाठी धडधाकट लेझर प्रिंटर भंगारवाल्याकडे जातो, याचा मला राग येतो. एचपीचा १९९९ चा लेझरजेट ४०५० एन घ्या. नेटवर्क कार्ड आतच आहे, कागद ओढणारे रबरी रोलर बदलले की अक्षर अजून ठसठशीत उमटतं. असं यंत्र टाकायचं कशाला?

छपाईचा सर्व्हर म्हणून अडगळीतला एखादा पीसी शोधा, त्यावर डेबियन लिनक्स आणि कप्स चढवा. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये लिहायला घेतलेली ही छपाईप्रणाली २००२ पासून अ‍ॅपलच्या मॅकमध्येही आहे, म्हणजे हा कुणा हौशी माणसाचा खेळ नव्हे.

आधी राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता कायमचा बांधा. नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलतो आणि बोल लागतो तो सर्व्हरला. मग ब्राउझरमध्ये सर्व्हरचं ६३१ पोर्ट उघडून प्रिंटर जोडायचा. एलपीडीची जुनी वाटही चालते, पण मी पोर्ट ९१०० घेतो. तिथे मधली बोलणी जवळजवळ नसतात, त्यामुळे अडलं तर कुठे अडलं हे लवकर कळतं. हा प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट आणि पीसीएल दोन्ही जाणतो. मेमरी तुटपुंजी असेल तर पीसीएल निवडा, म्हणजे जड पीडीएफ फोडण्याचं काम सर्व्हर करतो.

मराठी कागदांसाठी तर सर्व्हर हवाच. या प्रिंटरला देवनागरी ठाऊक नाही, मराठी मजकूर थेट ९१०० वर पाठवलात तर पानभर चिन्हांचा कचरा येईल. कप्समधून गेलेलं पान मात्र संगणकावरच फाँटनिशी मांडून होतं आणि प्रिंटरला फक्त आकार उमटवायचे उरतात. जोडाक्षरं शाबूत राहतात. नेटवर्कवर प्रिंटरची ओळख जाहीर करणारं अवाही चालू ठेवलं तर आयफोनलाही तो प्रिंटर आपोआप दिसतो.

सुरक्षेत मात्र हयगय नको. या जुन्या नेटवर्क कार्डांवर टेलनेट अनेकदा पासवर्डाविना उघडं असतं. तिथेच पासवर्ड घाला आणि परवानगीच्या यादीत फक्त सर्व्हरचा पत्ता ठेवा. सर्व्हरचं ६३१ इंटरनेटवर कधीच उघडू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्स-ब्राउज्ड या जोडसेवेत गंभीर भोकं सापडली. ती लागत नसेल तर बंदच करा.

एक चिंता उरते. कप्सच्या पुढच्या, तिसऱ्या पिढीतून प्रिंटरचं वर्णन देणाऱ्या पीपीडी फायलींवर चालणारे जुने ड्रायव्हर जाणार आहेत. टिल काम्पेटर आणि ओपनप्रिंटिंग या लिनक्स-छपाई प्रकल्पातली मंडळी ते ड्रायव्हर ‘प्रिंटर अ‍ॅप्लिकेशन’ या नव्या वेष्टनात घालत आहेत. पण प्रत्येक जुनं मॉडेल त्यांच्या टेबलावर असणं शक्य नाही. तुमच्याकडे असेल तर त्यावर हे नवं वेष्टन चालवून पाहा आणि काय छापलं, काय नाही, ते त्यांना कळवा.