हौशी रेडिओ : सोय आणि भरवसा

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा विजेपाठोपाठ मोबाइल सेवाही कोलमडली. अशा प्रसंगी हौशी रेडिओचालकांची, म्हणजे 'हॅम' मंडळींची, आठवण हटकून होते. १९९३ मध्ये किल्लारीस आणि २००१ मध्ये भूजला त्यांनी केलेली सेवा सर्वश्रुत आहे. पाणी ओसरले की आठवणही ओसरते.

हॅमच्या हातातील संचाची शक्ती जेमतेम पाच वॅट. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. मध्ये सह्याद्री उभा असला की कोकणातील आवाज देशावर पोचत नाही. म्हणून डोंगरमाथ्यावर रिपीटर बसवितात. एका वारंवारितेवर ऐकलेले तो त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारितेवर अधिक शक्तीने प्रक्षेपित करतो. आता डी-स्टार, डीएमआर यांसारख्या डिजिटल पद्धतींमुळे असे दूरदूरचे रिपीटर इंटरनेटमार्गे जोडता येतात. रत्नागिरीचा माणूस मग नागपूरशीच काय, टोकियोशीही बोलू शकतो.

सोय मोठी खरी, परंतु सोय म्हणजे भरवसा नव्हे. जी तार पुरात तुटते तिच्यावरच ही साखळी लोंबकळत असेल, तर ऐन संकटात ती निकामी होणार. उरतो तो एकटा रिपीटर, आणि तोही बॅटरी शाबूत असेल तर! म्हणून दोन शिखरांमधील मुख्य दुवा रेडिओचाच हवा. इंटरनेट ही वरची जोड समजावी.

प्रश्न पैशाचा आहे. यंत्रासाठी वर्गणी जमते, उद्‌घाटनाला पुढारीही येतात. चार-पाच वर्षांनी बॅटरी बदलावयाची वेळ आली की कोणी फिरकत नाही. बरे, हौशी रेडिओ नियमानेच विनामोबदला असल्याने वापरणाऱ्यांकडून शुल्क घेऊन धंदा म्हणून तो चालविता येत नाही. लाभ सर्वांचा, भार मूठभरांवर, हे सार्वजनिक वस्तूचे ठळक लक्षण होय. तेव्हा देखभालीचा वार्षिक खर्च जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांनी उचलणे न्याय्य ठरेल.

सरकारी पैशाबरोबर सरकारी लुडबूड येईल, अशी धास्ती काही हॅम मंडळींना वाटेल, आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. अनुदान केवळ बॅटरी, सौरपट्ट्या आणि वीजरोधक यांपुरते ठेवावे. अट एकच असावी: महिन्यातून एकदा वीज आणि इंटरनेट दोन्ही तोडून, तलाठी कार्यालयापासून जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत संदेश पोचवून दाखवावा.