चित्र काढायला एम. ए. कशाला?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या आळीतली पोरे किल्ला करतात, तेव्हा मी मुद्दाम खिडकीत बसते. दगडविटांवर गोणपाट, त्यावर चिखल, चिखलात पेरलेली मोहरी. आणि बुरुजाशेजारी उभा केलेला मावळा बुरुजाहून दीडपट उंच! महाराज तर अख्ख्या गडाएवढे. येणारेजाणारे थांबतात, कौतुक करतात, एखादी चकली पोरांच्या मातकट हातावर ठेवतात. 'प्रमाण चुकले' असे कोणी म्हणत नाही. सुट्टी संपते, तीच पोरे शाळेत येतात, चित्रकलेच्या वहीत घराहून मोठी आई काढतात, आणि आम्ही शिक्षकमंडळी लाल पेन्सिल उचलतो.

आम्ही म्हणजे मीच. उगाच दुसऱ्याच्या नावावर कशाला घालू? मी मराठीची शिक्षिका. कादंबऱ्या लिहिते, पण शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, म्हणजे आताची दहावी. एका लहानशा खासगी शाळेने कादंबऱ्यांकडे पाहून मला ठेवून घेतले. काही वर्षांपूर्वी ड्रॉइंगचे सर रजेवर गेले आणि त्यांचा तास माझ्या गळ्यात पडला. तिसरीतल्या एका मुलीने घर काढले होते. कौले, दार, खिडकी सारे बाहेरून. आणि आत पलंगावर निजलेली आजी मात्र लख्ख दिसते आहे! मी शेरा मारला, 'भिंत कुठे आहे?' पोरीने निमूटपणे वही नेली, आजीवर तपकिरी खडू गिरवला आणि भिंत घातली. पुढे वर्षभर तिच्या वहीत माणूस म्हणून आला नाही. दोन डोंगर, मधून सूर्य, कडेला नारळाचे झाड. शेरा मारायला जागाच नाही!

सर परत आले, त्यांनी वही पाहिली. ते रागावले असते तर बरे झाले असते. एवढेच म्हणाले, "बाई, तिला आजी दाखवायची होती. भिंत तुम्हाला हवी होती." मग त्यांनी मला व्हिक्टर लोवेनफेल्डची हकीकत सांगितली. व्हिएन्नात अंध मुलांच्या हाती माती देणारा हा कलाशिक्षक पुढे अमेरिकेत गेला आणि १९४७ साली त्याने मुलांच्या चित्रांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. सात ते नऊ वर्षांचे मूल डोळ्यांना दिसते ते काढत नाही, मनाला ठाऊक असते ते काढते. म्हणून भिंतीआडचे दिसते, जिव्हाळ्याचे माणूस मोठे होते, आणि जमिनीची एक रेघ ओढून सारे जग तिच्यावर उभे राहते. ती चूक नव्हे, वाढीची पायरी होय. हे मला कोणी आधी सांगितले असते तर!

सर कलाशिक्षक पदविका झालेले, वर आर्ट मास्टर. लोवेनफेल्ड त्यांनी स्वतःच मिळवून वाचला होता. सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या मनाने घेतले की, याचा रीतसर अभ्यास करावा. दिल्लीच्या जामिया मिल्लियात कलाशिक्षणाचा स्वतंत्र विभाग आहे. तेथे पदव्युत्तर अभ्यासाला जावे. त्यांनी रजेचा अर्ज दिला. आमचे अध्यक्ष मनाने वाईट नाहीत. ते हसून म्हणाले, "अहो सर, चित्र काढायला एम. ए. कशाला? फलक तर तुम्ही आताही झकास रंगवता!"

गणिताच्या सरांनी एम. एस्सी. केले तेव्हा याच कचेरीत पेढे वाटले होते. पण ड्रॉइंग मास्तर म्हणजे संमेलनाचा पडदा, पाहुण्यांच्या स्वागताचा फलक, प्रमाणपत्रांवरची नावे. आणि परीक्षा जवळ आली की ज्याचा तास बिनदिक्कत उचलावा असा माणूस. नाही म्हणायला एलिमेंटरी-इंटरमीजिएटला थोडा मान आहे, कारण दहावीला त्याचे जादा गुण मिळतात. त्या गुणांसाठी मुले 'बाजार', 'जत्रा', 'बसथांबा' अशी स्मरणचित्रे पाठ करून जातात. स्मरणचित्र पाठ! कविता पाठ करवून घेणाऱ्या मला हसण्याचा अधिकार नाही, पण हसू येते.

विरोध कचेरीतूनच होतो असेही नाही. माझे एक चित्रकार स्नेही म्हणतात, कला काही शिकवता येत नाही. कलाशिक्षणाची पदवी म्हणजे ज्यांना चित्र जमले नाही त्यांचा आसरा. मग शांतिनिकेतनच्या कलाभवनात वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या नंदलाल बोसांना चित्र जमले नव्हते काय? रवींद्रनाथांच्या 'सहज पाठ' या १९३० सालच्या बालवाचनमालेसाठी चित्रे करताना त्यांना कमीपणा वाटला नाही. त्याच शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ साली आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला आले, नयी तालीमच्या मुलांबरोबर रंगांत आणि मातीत रमले, त्या अनुभवावर ग्रंथ लिहिला, आणि स्वतः कुंभकलेत नाव मिळवले. मुलांना शिकवून त्यांचा हात काही झडला नाही.

तरी स्नेह्यांच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. दोन वर्षे टिपणे उतरवायची, प्रबंध बांधून घ्यायचा आणि कुंचला पाण्यात बुडवायचाच नाही, असला अभ्यासक्रम असेल तर तो नसलेलाच बरा. मला हवा आहे तो निराळा. त्यात शिक्षकाला चित्र काढावे लागेल, लोकांसमोर मांडावे लागेल. आणि चित्रकाराला वर्षभर पाचवीच्या साठ पोरांपुढे उभे राहावे लागेल. दोघे एकाच बाकावर बसतील, एकमेकांची खोड काढतील. तो मराठीत असावा, आणि नोकरी करणाऱ्यांना उन्हाळ्याच्या सुट्ट्यांतून पुरा करता यावा. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक विषयाची कलेशी सांगड घालायला सांगितले आहे. उत्तम! म्हणजे उद्या कवितेच्या तासाला चित्रे काढून घेण्याचे काम माझ्याकडे येणार. तेव्हा माझा लाल पेन्सिलीचा हात धरणारा, मी का थांबावे हे मला समजावून सांगणारा शाळेत एक तरी जाणता माणूस नको? तो तयार कोठे व्हायचा?

सरांचा अर्ज अध्यक्षांच्या टेबलाच्या खणात आहे. यंदाची प्रवेशाची मुदत टळून गेली. शाळा उघडली की पुढच्या वर्षासाठी मी पुन्हा कचेरीत जाणार आहे. या खेपेस सरांना बरोबर नेणार नाही. ते फार लवकर 'बरं साहेब' म्हणतात.