पित्याच्या हाती पुत्राची नाडी

१८१० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया नगरात एका वृद्ध वैद्याने आपल्या थोरल्या मुलास पेनसिल्व्हेनिया रुग्णालयातील मनोरुग्णांच्या विभागात दाखल केले. त्या विभागातील रुग्णांची सेवा तो वैद्य कित्येक वर्षे स्वतःच करीत आला होता. परक्यांच्या मुलांसाठी ज्या खोल्यांत ऊब मागितली, त्यांतीलच एक खोली आता आपल्या मुलाची झाली. त्या वैद्याचे नाव डॉ. बेंजामिन रश.

रश यांचा जन्म फिलाडेल्फियाजवळ १७४६ साली झाला. पाच वर्षांचे असतानाच पित्याचे छत्र हरपले. माता सुझॅना यांनी किराणा दुकान चालवून मुलांना वाढविले व शिकविले. मुलाने त्या कष्टांचे चीज केले. स्कॉटलंडमधील एडिंबरा विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेऊन तो परतला आणि १७६९ मध्ये फिलाडेल्फियात रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. १७७६ च्या आरंभी ज्युलिया स्टॉक्टन यांच्याशी विवाह झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या घोषणापत्रावर जावयाने आणि सासऱ्यांनी, दोघांनीही स्वाक्षरी केली. या दांपत्यास तेरा अपत्ये झाली. त्यांपैकी चार पहिल्या वर्षातच गेली.

१७९३ मध्ये नगरात पीतज्वराची भीषण साथ पसरली. सुमारे पाच हजार माणसे दगावली. ज्यांना शक्य होते ते नगर सोडून गेले. पत्नी व लहान मुले प्रिन्स्टनला माहेरी होती; रश मात्र रुग्णांजवळ राहिले आणि पत्नीस जवळजवळ रोज पत्र लिहीत राहिले. त्या साथीत त्यांची बहीण गेली, शिष्य गेले, ते स्वतःही आजारी पडले. त्यांच्या धैर्याविषयी दुमत नाही. पण त्यांचा उपचार, म्हणजे रुग्णाच्या शरीरातून वारंवार रक्त काढणे, घातक होता. समकालीनांनी विरोध केला, तरी त्यांचा आग्रह सुटला नाही. अंतःकरण निर्मळ असले तरी ज्ञान अपुरे असू शकते, हा त्या काळाचा कठोर धडा आहे.

मनोरुग्णांच्या बाबतीत मात्र त्यांची दृष्टी काळाच्या पुढे होती. मनाचा विकार हे पाप नव्हे, शापही नव्हे. तो देहाच्या विकारांसारखाच आजार आहे, असे ते सांगत. ओल्या, थंड कोठड्यांऐवजी उबदार खोल्या, स्नान, हाताला काम आणि सौम्य सेवक मिळावेत, यासाठी ते रुग्णालयाच्या व्यवस्थापकांकडे आर्जव करीत राहिले. त्याच हातांनी रुग्णास घट्ट बांधून ठेवणारी एक खुर्चीही बनविली, हेही खरे. मद्यपानाच्या दुष्परिणामांवर त्यांनी १७८४ मध्ये पुस्तिका लिहिली. व्यसनाकडेही ते आजार म्हणून पाहत.

थोरला मुलगा जॉन नौदलात अधिकारी होता. १८०७ मध्ये द्वंद्वयुद्धात त्याच्या हातून मित्राचाच प्राण गेला. त्यानंतर त्याचे मन ढासळले, ते पुन्हा सावरले नाही. ज्या पित्याकडे शेकडो कुटुंबे आशेने पाहत, तो आपल्याच मुलापुढे हतबल झाला. तरीही त्याने ते दुःख लाजेच्या पडद्याआड दडविले नाही. मित्र थॉमस जेफरसन यांना पत्राने मुलाची अवस्था स्पष्ट कळविली. मुलगा रुग्णालयात असतानाच, १८१२ मध्ये, मनाच्या आजारांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी रश निवर्तले.

पुत्र रिचर्ड पुढे अमेरिकेचा अर्थमंत्री झाला, जेम्स वैद्य झाला. जॉन मात्र रुग्णालयातच १८३७ पर्यंत, म्हणजे पित्यानंतर आणखी चोवीस वर्षे, जगला.

घरातील ताप शेजाऱ्यांना सहज सांगितला जातो. मनाचा आजार मात्र आजही अनेक घरांत दाराआड कोंडला जातो. दोनशे वर्षांपूर्वी एका पित्याने ते दार उघडे ठेवले. त्याच्या मुलास आरोग्य लाभले नाही; पण आजारपणाच्या जोडीला लपून राहण्याची शिक्षा तरी त्याच्या वाट्याला आली नाही.