‘बैठे’ म्हणजे ‘निष्क्रिय’ नव्हे

आरोग्यविषयक मराठी लेखनात ‘सेडेंटरी’ या इंग्रजी विशेषणासाठी ‘निष्क्रिय’ हा प्रतिशब्द अलीकडे बिनदिक्कत योजिला जातो. दिवसभर बसून राबणाऱ्या माणसास आपण त्यायोगे आळशी ठरवितो, याची योजकांस कल्पनाही नसावी. आमच्या मते हा प्रतिशब्द चुकीचा आहे आणि अन्यायाचाही आहे.

मूळ लॅटिन धातू ‘सेडेरे’, म्हणजे बसणे. आपला संस्कृत ‘सद्’ धातू त्याचा सख्खा भाऊ. सदन, संसद, परिषद, उपनिषद ही त्याचीच प्रजा. ज्या कुळात उपनिषदे जन्मली त्यावर आळसाचा आरोप करणे धाडसाचेच म्हटले पाहिजे! रोमन नाटककार प्लॉटस याच्या एका प्रहसनात कारागिरांची लांबलचक यादी येते. तीत हे विशेषण कोणास लावले आहे? बसून जोडे शिवणाऱ्या कामकऱ्यांस. पुढे 1700 साली इटलीतील वैद्य रामाझ्झिनी याने धंद्यांपासून होणाऱ्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यातही बैठ्या धंद्याचे लोक म्हणजे शिंपी, जोडे शिवणारे असे कष्टकरीच आहेत. निदान सुटीच्या दिवशी तरी त्यांनी व्यायाम करावा, असे त्याने सुचविले. त्यांच्या व्याधीचे कारण त्याला दिसले ते त्यांच्या कामात.

या विशेषणाचा दुसरा अर्थ भटकंती सोडून एके ठिकाणी वस्ती करणारा, असा आहे. भीमेच्या खोऱ्यातील इनामगाव येथे 1968 पासून झालेल्या उत्खननात जवाची शेती करणारी, पाण्याचा पाट काढणारी अशी जुनी वस्ती उजेडात आली. तेथे ‘स्थायी’ हाच शब्द योग्य. त्या शेतकऱ्यांस कोणी ‘निष्क्रिय’ म्हणेल काय?

आता मराठीकडे वळू. ‘बसणे’ (जुने रूप ‘बैसणे’) आणि ‘बैठा’ ही दोन्ही रूपे संस्कृत ‘उपविश्’पासून प्राकृतातून आली. बैठे घर, बैठे खेळ, बैठकीची लावणी हे प्रयोग घरोघरी परिचित आहेत. तेव्हा हा शब्द हिंदीतून उसना आणला, ही तक्रार टिकत नाही. कारागिराचा हात ‘बसतो’ तो वर्षानुवर्षांच्या मेहनतीने. तालमीत तर बैठका काढता काढता पहिलवानाचा घाम जमिनीवर ठिबकतो. ‘बसून खाणे’ हा निंदाव्यंजक प्रयोग आहे खरा, पण त्यातील दोष खाण्याचा आहे, बसण्याचा नव्हे. आम्ही स्वतः जन्मभर बसून उत्तरपत्रिका तपासल्या. हे निष्क्रियतेचे काम असल्याचे कोणत्याही परीक्षामंडळाने आम्हांस अद्याप कळविलेले नाही.

ज्या शास्त्राच्या नावाने हा शब्द खपविला जातो, ते शास्त्रही त्यास अनुकूल नाही. 1953 साली मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या चालकांत हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले. लंडनच्या गर्दीतून गाडी काढणारा तो चालक निष्क्रिय होता काय? 2017 साली या विषयाच्या संशोधकांनी केलेली व्याख्या अशी की, जागेपणी बसून, रेलून वा पडून राहताना शरीराची शक्ती विश्रांतीच्या दीडपटीहून अधिक खर्च होत नसेल, तर ते वर्तन बैठे समजावे. पुरेसा व्यायाम न करणे ही याहून निराळी बाब मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांतही व्यायाम किती करावा आणि बसणे कमी करावे, हे दोन उपदेश वेगवेगळे आहेत. पहाटे तासभर टेकडी चढणारे गृहस्थ पुढे दहा तास खुर्चीत काढीत असतील, तर त्यांचा दिवस बैठाच ठरतो. ‘निष्क्रिय’ या शब्दाने हा भेदच पुसला जातो, आणि टेकडीवाल्या गृहस्थांस हा इशारा आपल्यासाठी नाही असे वाटू लागते.

सोलापुरात विड्या वळणाऱ्या स्त्रिया मांडीवर सूप घेऊन सकाळपासून बसतात. मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशेबाने. मधून मधून उठावे, पाय मोकळे करावेत, असे वैद्याने त्यांस अवश्य सांगावे. मात्र केसपेपरावर ‘निष्क्रिय’ असे लिहिण्यापूर्वी त्या सुपातील विड्या त्याने एकवार मोजून पाहाव्यात.